अल्फ्रेडो सॉसमध्ये क्रीम घालायचं का नाही? आणि चीजचा गोळा होऊ नये म्हणून काय करता?

चकलीचा_सोऱ्या, ठाणे:

मंडळी, घरात वाद पेटलाय आणि आपापसात मिटेल असं दिसत नाही म्हणून इथे आले. माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती इकडे आली की हमखास फेतुचिने अल्फ्रेडो करते, म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांचा पास्ता, भरपूर हेवी क्रीम, लसूण, वरून ढीगभर चीज, आणि मुलं ताटल्या चाटूनपुसून साफ करतात. आता झालं काय, आमच्या मजल्यावरचे काका-काकू नुकतेच इटली फिरून आले आणि काकांनी जेवता जेवता जाहीर केलं की खऱ्या अल्फ्रेडोत क्रीमचा थेंबसुद्धा नसतो, फक्त लोणी आणि चीज, आणि रोम सोडून इटलीत कुठेही अल्फ्रेडो मागितलं तर वेटर नुसता तोंडाकडे बघत राहतो. नेमकी तेव्हा नणंद फोनवर होती. स्पीकरवर. पुढचं लिहीत नाही.

मला वादात पडायचं नाहीये, मला खायचंय. तर क्रीम न घालता तो सॉस इतका दाट आणि मऊसूत होतो तरी कसा हे कोणीतरी सांगा, कारण लोणी वितळलं की तूपकट होणार आणि चीज तापलं की त्याचा रबरी गोळा होणार एवढंच मला कळतं. इथे ठाण्यात मिळणाऱ्या साध्या चीजवर जमेल का, का पार्मेझान नावाच्या त्या महागाच्या इटालियन चीजचा तुकडाच आणावा लागेल? शिवाय सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत आणि त्यांनी कुठेतरी वाचलंय की पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं, ते खरं आहे का? आणि कॉलेजजवळच्या कॅफेत मका आणि सिमला मिरची घातलेला व्हाइट सॉस पास्ता मिळतो तो म्हणजे अल्फ्रेडोच का? जाणकारांनी लिहा, अगदी बेसिकपासून लिहिलंत तरी चालेल.

टायबरकाठी, रोम:

काका बरोबर आहेत. पण हे नणंदेला कळवण्याआधी पूर्ण वाचा.

नोकरीमुळे इथे राहतो त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावतो, माफ करा. अल्फ्रेडो हे माणसाचं नाव. अल्फ्रेडो दी लेलिओ, रोमचा खाणावळवाला. १९०८ मध्ये त्याला मुलगा झाला आणि बाळंतपणानंतर बायको, इनेस, इतकी अशक्त झाली की तिला जेवणच जाईना, म्हणून त्याने ताज्या फेतुचिनेत लोणी आणि पार्मेझान सढळ हाताने कालवून तिला भरवलं, अशी गोष्ट त्या घराण्यात सांगतात. पुढे १९१४ मध्ये व्हिआ देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर त्याने स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं. १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड ही हॉलिवूडच्या मूकपटांतली जोडी मधुचंद्राला युरोपात आली होती, ती इथे जेवली, आणि परत गेल्यावर त्यांनी इतकं कौतुक केलं की अमेरिकेत नाव झालं. नंतर त्यांनी अल्फ्रेडोला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. मग काय, अल्फ्रेडो स्वतः टेबलाशी येऊन त्या सोन्याच्या काट्या-चमच्याने पास्ता कालवायचा आणि लोक अर्धे त्यासाठीच यायचे. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, त्याने ती जागा विकून टाकली, आणि १९५० मध्ये मुलाला घेऊन पियात्सा आउगुस्तो इम्पेरातोरेला दुसरं रेस्टॉरंट काढलं. दोन्ही आजही चालू आहेत आणि दोघेही आम्हीच खरे म्हणतात, कारण मूळ जागा एकाकडे आणि मूळ घराणं दुसऱ्याकडे. पुणेकरांना हे वेगळं समजवायला नको.

आता काकांच्या वेटरचं. लोणी-चीज घातलेला पास्ता काही अल्फ्रेडोने शोधला नाही, पंधराव्या शतकातल्या मार्तिनो दा कोमोच्या पाककृतींतसुद्धा रोमन पद्धतीचा असा पास्ता आहे. आजही इथे पोट बिघडलं, ताप आला, पोरगं काहीच खात नसलं की घरोघरी हेच देतात, त्यामुळे बाहेर जाऊन पैसे देऊन ते मागवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि त्याला अल्फ्रेडो तर कोणीच म्हणत नाही.

कृती सांगतो, दोघातिघांना पुरेल. २५० ग्रॅम फेतुचिने, ताजे मिळाले तर सोनंच, नाहीतर अंड्याचे वाळवलेले. १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १०० ग्रॅम पार्मेझान. पार्मेझान किमान १२ महिने मुरवल्याशिवाय विकताच येत नाही, त्यातलं जरा कोवळं बघून घ्या, दोन वर्षांच्या आतलं. ३०-३६ महिन्यांचं नुसतं खायला फार भारी लागतं पण सॉसमध्ये ते नीट विरघळत नाही, कण राहतात. किसायचं सगळ्यात बारीक बाजूने, अगदी भुसभुशीत.

पास्ता उकळायला पाणी जरा बेताचंच घ्या. इथला नियम १०० ग्रॅमला १ लिटर असा आहे पण आपल्याला ते पिठाळ पाणीच हवंय, म्हणून २५० ग्रॅमला सव्वा-दीड लिटर बास, फक्त पास्ता तळाला चिकटू नये म्हणून सुरुवातीला ढवळत राहा. मीठ नेहमीपेक्षा कमी, चीजमध्ये भरपूर असतं. पास्ता व्हायला एक मिनिट राहिलं की पसरट पॅनमध्ये एक डाव तेच पाणी घाला, त्यात लोण्याचे तुकडे टाका आणि पॅन गोल गोल फिरवत राहा, पाणी आणि लोणी एकजीव होऊन पांढुरकं दिसायला लागतं. लोणी आधी एकटं वितळवायचं नाही, तसं केलंत तर तुम्ही म्हणता तसं तूपकटच होणार. मग पास्ता चिमट्याने उचलून थेट त्यात, पाणी निथळायच्या भानगडीत पडू नका. अर्धा मिनिट परता आणि गॅस बंद करा. बंद म्हणजे बंद, पॅन शेगडीवरून उतरवा. थोडं थांबा, वाफेचा जोर ओसरू द्या, आणि मग मूठ मूठ चीज भुरभुरत पास्ता खालीवर करत राहा, आटल्यासारखं वाटलं की चमचाभर पाणी. इटालियन लोक या कालवण्याला मान्तेकातुरा म्हणतात आणि सगळं कौशल्य त्यातच आहे. ताटलीत वाढताना सॉस किंचित पातळ वाटला पाहिजे कारण टेबलावर जाईपर्यंत तो दाटतो, आणि ताटल्या गरम पाण्याने शेकून घ्या नाहीतर दोन घासांत लोणी थिजतं.

लसूण नाही, मिरपूड नाही, पार्सली नाही, ओरेगानो तर अजिबात नाही.

बाराखडी:

एवढं वाचेपर्यंत माझा कुकर झाला, वरणभात जेवून आलो.

डिंकलाडू, एडिसन:

मी नणंदेच्या बाजूने. टायबरकाठी, माहिती मस्त दिलीत, पण अमेरिकेत जे अल्फ्रेडो म्हणून खातात त्याला खोटं म्हणायचं कारण नाही, तो आता वेगळा पदार्थ झालाय आणि तो स्वतःच्या जागी चांगला आहे, तुम्ही सांगितलेला सॉस केला की लगेच खावा लागतो, पाच मिनिटं थांबलात तर संपलं. क्रीमवाला सॉस गॅसवर मंद ठेवून पाहुण्यांची वाट बघता येते, पंचवीस माणसांच्या पॉटलकला ट्रेमध्ये घालून नेता येतो, म्हणून इथे तोच रुजला असणार असा माझा अंदाज.

मी करते ते असं, एक कप हेवी क्रीम, ६० ग्रॅम लोणी, दीड कप ताजं किसलेलं पार्मेझान, दोन पाकळ्या लसूण. लोण्यात लसूण नुसता वास येईपर्यंत, लाल नाही होऊ द्यायचा. त्यात क्रीम, मंद उकळी, तीन-चार मिनिटं आटवायचं, चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती टिकली पाहिजे. मग इथेही गॅस बंद करूनच चीज! क्रीम असलं तरी उकळत्या सॉसमध्ये चीज टाकायचं नाही. मिरपूड, चिमूटभर जायफळ. जायफळ विसरू नका, श्रीखंडात घालतो तेवढंच, दिसता कामा नये पण कळलं पाहिजे.

दोन गोष्टी भारतातल्यांसाठी. इथलं हेवी क्रीम म्हणजे कमीत कमी ३६ टक्के फॅट, आणि तिकडे टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्के असतं. कमी फॅटचं क्रीम खळाखळा उकळलं किंवा त्यात लिंबू-टोमॅटो काही आंबट पडलं की फाटायची शक्यता जास्त, त्यामुळे ते आटवत बसू नका, शेवटी घालून नुसतं गरम करा. व्हिपिंग क्रीम आणणार असाल तर डेअरीचं बिनसाखरेचं आहे ना बघून घ्या, केकवाल्यांकडे जे मिळतं ते बहुतेक गोड आणि वनस्पती तेलाचं असतं, सॉसची खीर होईल. आणि डब्यातलं भुरभुरीत तयार चीज नको. गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात सेल्युलोज घालतात आणि ते काही केल्या विरघळत नाही, सॉस वाळूसारखा लागतो. इथे पार्मेझान कसं असावं याचे नियम आहेत, पण ते नाव इटलीतल्याच चीजसाठी राखीव नाही, इथे बनवलेल्या चीजलाही देता येतं. युरोपात तसं चालत नाही, २००८ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की पार्मेझान म्हटलं की पार्मिजानो रेज्जानोच, म्हणजे इटलीतलं मूळ चीजच, असलं पाहिजे.

रसायनवाला, पुणे:

गोळा का होतो ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, पोटापाण्यासाठी डेअरीत आहे.

चीज म्हणजे केसिन या प्रोटीनची जाळी, तिच्यात अडकलेलं फॅट आणि पाणी. हळू तापवलं, आजूबाजूला पुरेसं पाणी असलं, की जाळी सैल होऊन सगळं पसरतं आणि सॉस बनतो. पण साधारण ६५ अंशांच्या वर गेलात की प्रोटीनचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात, पाणी आणि फॅट पिळून बाहेर टाकतात, आणि तुम्हाला भांड्यात एकीकडे च्युइंगम आणि दुसरीकडे तूप दिसतं. एकदा असं झालं की नुसतं ढवळून ते परत जुळत नाही. म्हणून टायबरकाठी म्हणतात तसं पॅन उतरवायचं, उगाच नाही.

आता पास्त्याचं पाणी कशाला? त्यात स्टार्च असतो. आपण कढीला बेसन लावतो तोच प्रकार, बेसन नसेल तर ताक उकळलं की फुटतं आणि बेसन लावलं की नाही फुटत, कारण फुललेला स्टार्च प्रोटीनच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही. शिवाय पाण्याला दाटपणा येतो म्हणून लोण्याचे बारीक थेंबही तरंगून वर न येता जागच्या जागी राहतात. तुमचा तो दाट मऊसूतपणा म्हणजे हेच, बारीक बारीक थेंब आणि दाट पाणी. क्रीम तरी दुसरं काय असतं, पाण्यात फॅटचे थेंबच की, फक्त ते गायी-म्हशीने तयार करून दिलेलं असतं.

यावर इटालियन फिजिक्सवाल्यांनी चक्क पेपर लिहिलाय, २०२५ मध्ये फिजिक्स ऑफ फ्लुइड्स या जर्नलमध्ये आला आणि त्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं इग्नोबेलही मिळालं, ऐकून हसू येईल अशा खऱ्या संशोधनाला देतात ते. त्यांनी काचो ए पेपे घेतलं होतं, म्हणजे पेकोरिनो चीज आणि मिरीवालं, त्यात लोणीसुद्धा नसतं त्यामुळे ते अल्फ्रेडोपेक्षा जास्त दगा देतं. त्यांना सापडलं ते असं की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असला की सॉस गरम केला तरी टिकतो, १ टक्क्याच्या खाली गेलात की गुठळ्या. नुसत्या पास्त्याच्या पाण्यात किती स्टार्च उतरलाय ते आपल्याला कळत नाही, ते पास्त्यावर आणि पाण्यावर अवलंबून, म्हणून त्यांनी सरळ वेगळा स्टार्च घालायला सांगितलंय.

घरी करायचं तर १०० ग्रॅम चीजला अडीच ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, पाव वाटीपेक्षा थोड्या कमी पाण्यात कालवून गॅसवर चिकट पारदर्शक खळ होईपर्यंत शिजवायचं, मग त्यात अजून तेवढंच गार पाणी घालून कोमट करायचं, आणि किसलेलं चीज टाकून मिक्सरमधून फिरवायचं. गुळगुळीत पेस्ट होते. पास्ता उकडून, दोन मिनिटं थांबून, त्यात कालवा आणि पाणी घालून हवं तसं सैल करा. हे पार्मेझानलाही लागू पडतं, आणि इथल्या पास्त्याचं पाणी पिठाळ होवो न होवो, सॉस फसत नाही. इटलीतल्या आज्ज्यांना याची गरज नसते असं त्या पेपरवाल्यांनीच लिहून ठेवलंय.

बाराखडी:

म्हणजे क्रीम घातलं की चीटिंग आणि कॉर्नफ्लोअर घातलं की विज्ञान. बरं.

टायबरकाठी, रोम:

@बाराखडी हाहा, इथल्या लोकांसमोर कॉर्नफ्लोअर म्हणू नका एवढंच.

चकलीचा_सोऱ्या, ठाणे:

बापरे, एवढं कळलं! सगळ्यांना धन्यवाद. कढीचं एकदम डोक्यात बसलं. आता फ्रिजमध्ये आहे ते सांगते, खारं पिवळं बटर, चीज क्यूब आणि पिझ्झावरचं मोझरेला. सासूबाई घरी पांढरं लोणी काढतात ते पण आहे. यातून काही होईल का?

रसायनवाला, पुणे:

होईल, पण चव वेगळी येणार हे धरून चाला.

क्यूब म्हणजे प्रोसेस्ड चीज, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात, पाकिटामागे इमल्सिफायर म्हणून ३३१, ३३९ असले आकडे दिसतील. हे क्षार केसिनमधलं कॅल्शियम पकडून ठेवतात त्यामुळे जाळी सैल राहते आणि क्यूब कितीही तापवला तरी तो फाटत नाही. म्हणजे वितळण्यात क्यूब पार्मेझानला भारी, चवीत मात्र नाही, त्याला तो मुरलेला खमंगपणा नसतो. मी दोन्ही मिसळतो. ७०-८० ग्रॅम पार्मेझान आणि एक क्यूब. क्यूबमधले क्षार पार्मेझानलाही सांभाळून घेतात, कॉर्नफ्लोअरची कटकट करावी लागत नाही. शुद्धतावाद्यांनी हे वाचलं नाही असं समजावं.

मोझरेला नको. ते ताणलं जाण्यासाठीच बनवलेलं असतं, सॉसमध्ये दोरे दोरे होतात.

घरचं लोणी उत्तम, फक्त ते बहुतेक विरजलेल्या सायीचं असतं त्यामुळे किंचित आंबूस, तर गार पाण्यातून तीन-चारदा धुऊन घ्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. त्यात पाणी विकतच्या बटरपेक्षा जास्त असतं, इथे त्याने काही बिघडत नाही. खारं बटर वापरलंत तर पास्त्याच्या पाण्यात मीठ घालूच नका, बटर खारं, चीज खारं, आणि शेवटी पाणी पण आटून खारं, नंतर काही करता येत नाही.

खडीसाखर, नाशिक:

सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना सांगा. आमच्याकडे पण हा प्रश्न असतो त्यामुळे हे सगळं शोधून झालंय. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमात तीनच घटक बसतात, गाईचं कच्चं दूध, मीठ आणि वासराचं रेनेट. रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातलं एन्झाइम, त्याने दूध साकळतं. दुसरं काही वापरलं तर त्यांना ते नावच देता येत नाही, त्यामुळे शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो अशी वस्तूच नाही. ग्राना पादानोचंही तेच, शिवाय त्यात बरेचदा अंड्यातलं लायसोझाइम घालतात. आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट. त्यामुळे काचो ए पेपेवर पण फुली.

पण इथे हल्ली पार्मेझान पद्धतीचं चीज बनतं, मायक्रोबियल रेनेट वापरून, म्हणजे बुरशीपासून काढलेलं, आणि त्यावर हिरवी खूण असते. आयात केलेला तुकडा घेणार असाल तर त्यावर कुठली खूण आहे ते बघून घ्या. चवीत फरक आहे, खोटं कशाला बोलू, इथलं जरा कमी मुरलेलं असतं आणि त्यात ते टचकन दाताखाली येणारे खडे नसतात. पण वर टायबरकाठींनी लिहिलंच आहे की सॉसला कोवळं चीजच बरं, तर उलट आपल्या पथ्यावर! आमच्याकडे सासूसासरे आवडीने खातात. फक्त फेतुचिनेच्या पाकिटावर अंडं आहे का ते बघा, बरेचदा असतं.

आणि तुमच्या कॅफेतल्या पास्त्याचं राहिलंच. ते अल्फ्रेडो नाही, इटालियन अल्फ्रेडो नाही आणि अमेरिकन पण नाही. ते बेशामेल, म्हणजे लोण्यात मैदा परतून त्यात दूध. इटलीतही ते करतात पण बोलोन्याकडे लझान्यात घालायला, त्याला तिकडे बेशामेल्ला म्हणतात. मैद्याचा स्टार्च इतका असतो की त्यात कुठलंही चीज ढकला, काही होत नाही. म्हणून कॅफेवाल्यांना सोपं पडतं, आणि स्वस्त. मैदा नीट परतला नाही तर मात्र कच्चट पिठूळ लागतं, बऱ्याच ठिकाणी लागतंच.

नातू_कोल्हापूरचा:

चीजवर एवढं झालं, पास्त्यावर कोणी बोलेना. अहो निम्मी मजा त्यात आहे! इटलीतला वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचा असतो आणि आपला बन्सी गहू म्हणजे ड्युरमच की. बाजारात बन्सी रवा मिळतो, पिवळसर, लापशी-उपम्याला आणतो तो. तो मिक्सरमधून जरा बारीक करून, १०० ग्रॅमला ४५-५० मिली कोमट पाणी, घट्ट मळायचा, पुरीपेक्षा घट्ट. मनगटं भरून येतात, आमच्यात हे काम माझ्याकडे. अर्धा तास झाकून ठेवायचा म्हणजे रवा पाणी पितो. दक्षिण इटलीत असाच, बिनअंड्याचा, नुसता रवा-पाण्याचा करतात, त्यामुळे सासूबाईंना चालेल. लाटून फेतुचिने करणं या पिठाला जरा जड जातं, तुटतं, पण जाडसर लाटून आखूड पट्ट्या काढल्या तर काय बिघडलं.

अंडं चालत असेल तर १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं, हा बोलोन्याकडचा हिशोब, आणि हे पीठ छान पातळ लाटता येतं. पोळीसारखं लाटायचं, वर मैदा भुरभुरून सैल गुंडाळी करायची आणि बोटभरापेक्षा बारीक पट्ट्या कापून लगेच उलगडून टाकायच्या. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, लक्ष ठेवा. वरचा तो मैदा पाण्यात उतरतो आणि पाणी आपोआप पिठाळ होतं, म्हणजे रसायनवाल्यांचा स्टार्च फुकटात.

टायबरकाठी, रोम:

@नातू_कोल्हापूरचा बन्सीचं भारी! आणि शेवटचा मुद्दा अगदी खरा, अल्फ्रेडोच्या पद्धतीत पास्ता ताजाच असायचा, त्यामुळे त्याला पॅनसुद्धा लागायचं नाही, गरम थाळ्यात मऊ लोणी, वर वाफाळते फेतुचिने, वर चीज, आणि टेबलावर कालवणं. वाळवलेल्या पास्त्यावर हे करायला गेलात तर मात्र निभत नाही, तिथे पॅनवालीच पद्धत.

चकलीचा_सोऱ्या, ठाणे:

तर ठरलं असं की रविवारी काकांना जेवायला बोलावते आणि घरचं लोणी, हिरव्या खुणेचं पार्मेझान, एक क्यूब गुपचूप, असं करते. काकांना क्यूबचं सांगणार नाही, तुम्ही पण सांगू नका, ते इथे वाचतात का माहीत नाही. नणंदेचा क्रीमवाला सॉस पण चालू राहील, ती आली की तिच्या हातचा.

एक शेवटचं विचारते, उरलेलं दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात देता येतं का? मुलं मागणार हे नक्की.

टायबरकाठी, रोम:

लोणी-चीजवालं नाही. फ्रिजमध्ये लोणी थिजतं, पास्ता पाणी ओढून घेतो, आणि मायक्रोवेव्हला लावलंत की तूप वेगळं निघालंच. उरणार असेल तर मुळात करताना पास्ताच कमी टाका.

डिंकलाडू, एडिसन:

डब्याला क्रीमवालं किंवा खडीसाखर म्हणतात ते मैद्यावालं द्या. सकाळी पॅनमध्ये दोन-तीन चमचे दूध गरम करून त्यात पास्ता सोडायचा, मंद गॅसवर, झाकण ठेवून, मायक्रोवेव्ह नको. सॉस मुद्दाम पातळ ठेवा, मधल्या सुट्टीपर्यंत तो बरोबर दाटतो. आणि डब्यात फेतुचिने नको गं, पेने नाहीतर शंख घे. लांब पास्ता गार झाला की त्याचा एकच लगदा होतो आणि पोरं युनिफॉर्मवर सांडतात ते वेगळंच.